हिरवी गाडी दाराशी

झीनतला लहानपणापासून किळस फार. ताटात केस निघाला की पोरगी जेवणावरून उठायची, घरातल्या कचऱ्याच्या बादलीला तिनं जन्मात हात लावला नाही. आणि नशीब बघा, काम मिळालं ते घंटागाड्यांचं! प्रत्येक गाडीत एक डबा बसवायचा, गाडी कुठं आहे ते तो डबा कळवतो आणि गाडी मोबाइलच्या नकाशावर चालताना दिसते. हे सगळं झीनतनं उभं केलं.

भवानी पेठेतल्या आपल्या गल्लीत घरोघरी जाऊन तिनं बायकांच्या मोबाइलवर नकाशा घालून दिला. "हिरवी गाडी दाराशी दिसली की बादली घेऊन उतरा. माझा शब्द!" तिची अम्मी कमरुन्निसा कौतुकानं फुगली होती.

मग काय! नकाशावर गाडी रोज दाराशी, आणि गल्लीत गाडीचा पत्ता नाही. बायका बादल्या घेऊन उतरायच्या, तशाच भरल्या बादल्या घेऊन वर जायच्या. कोपऱ्यावर ढीग वाढला. कोंबडीची आतडी, सडके टोमॅटो, लेकरांचे लंगोट. शी! वास पार भाकरीला लागायचा. शेजारची चंद्रव्वा तोंडावर म्हणाली, "झीनत, तुजा शब्द घाण मारतोय की गं." अम्मीनं बायकांत बसणंच सोडलं.

एका सकाळी नकाशावरची गाडी मागच्या बोळात शिरली. झीनत चमकली. त्या बोळात हातगाडी अडकते, घंटागाडी शिरेल कशी? ती धावत गेली. बोळात ठेकेदाराचा मुकादम सयाजी स्कूटरवर बसून मावा चोळत होता. डिकी उघडी, आत गाड्यांतून काढलेले डबे, त्यांचे दिवे लुकलुकत होते.

"गाड्या कुठायत?"

"मालकाच्या प्लॉटवर मुरूम टाकायला." तो पचकन थुंकला. "नकाशा हालतोय न्हवं ताई? मग झालं की. तेवढं बोळात शिरलेलं दिसू देऊ नका."

झीनत दोन पावलं मागं सरली. ढीग परवडला, हा माणूस नको. तिनं ऑफिसात संगमेश सरांना सांगितलं, तर ते मान वर न काढता म्हणाले, "आपण गाडी दाखवायची. कचरा आपला विषय नाही. बोळाचं तेवढं दुरुस्त कर." थू असल्या नोकरीवर!

तिनं काहीही दुरुस्त केलं नाही. दुसऱ्या दिवशी हिरवी गाडी दाराशी दिसली, तशी तिनं गल्लीभर हाक मारली. "उतरा सगळ्या! गाडी आलीय!"

बायका रस्त्याकडं बघायला लागल्या. झीनतनं दाराशी येऊन थांबलेल्या सयाजीच्या स्कूटरकडं बोट केलं. "सगळे डबे हिच्या डिकीत आहेत. आपली गाडी हीच."

मग कमरुन्निसा पुढं झाली आणि तिनं अख्खी बादली सयाजीच्या पायाशी, स्कूटरवर उपडी केली.

"ओ चाची! ही स्कूटर हाय!" सयाजी किंचाळला.

चंद्रव्वानं मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला. "स्कूटर कुटली? हितं तर घंटागाडी दिसतीया की." आणि आपली बादली त्याच्या मांडीवर ओतली. तिच्यामागं बायकांची रांग लागली.

घरात आणखी एक बादली भरलेली होती. ती आणायला झीनत स्वतः वर पळाली.