गाडीचा डावा खांदा

काही चुका अशा असतात की त्या आपल्या माघारीच उघड व्हाव्यात असं वाटतं. पण ही चूक माझ्या अख्ख्या सेक्शनला पाठ आहे, मग तुमच्यापासून लपवून काय मिळवू? चहा निवू देऊ नका. ऐका.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. माझं काम लोखंडी खांब सरळ उभे आहेत की नाहीत हे पाहण्याचं. खांब चाळीस हात उंच असो की ऐंशी, ओळंबा सोडून मी सूतभर फरक सांगायचो. शेडच्या दारावर मी स्वतः पांढऱ्या रंगानं पाटी लिहिली होती : 'माप घेण्याआधी लोड उतरवा.' गर्डरवर कोणी दोरखंडाचं साधं वेटोळं विसरला आणि तसंच माप घेतलं, की त्याची मी चारचौघांत वरात काढायचो.

आमच्याकडे एक गाडी होती. लढाईच्या आधीची, विलायती, नागपूरच्या एका रिटायर होणाऱ्या रेल्वे साहेबाकडून घेतलेली. माझ्या पत्नीला, सुशीलेला, ती फार आवडायची. सुशीला गेली त्याला तेव्हा आठ महिने झाले होते. त्यानंतर गाडी मी कामापुरतीच काढत असे.

संध्याकाळी शेजारच्या क्वार्टरमधला धोंडबा येऊन बसायचा. आमच्याच सेक्शनचा खलाशी, म्हणजे अवजड लोखंड दोरखंड-कप्पीनं वर चढवणारा. भंडाऱ्याकडचा. बोलायचा कमी, चहा प्यायचा दोन कप. घरात माझ्याखेरीज दुसरा आवाज असायचा तो तेवढाच.

एक दिवस म्हणाला, "भाऊ, पोरीले राजनांदगावून आणाची हाये. दिवस भरत आले तिचे. बसमदी कशी आणू?"

"गाडी घेऊन जा." तो साइटवरचे ट्रक हाकायचा, तेव्हा काळजी नव्हती.

दुसऱ्या दिवशी गाडी परत आली. आता मला सांगा, आपली वस्तू घरी असते तेव्हा आपण तिच्याकडे कधी नीट पाहतो का? पण उसनी देऊन परत आली की आपण पोलीस होतो! मी भोवती फेरी मारली आणि थबकलो. गाडीचा मागचा डावा खांदा पडला होता.

"धोंडबा, गाडी डावीकडे झुकली आहे."

तो गाडीकडे पाहायचं सोडून माझ्याकडे पाहू लागला. "झुकली खरी थोडी."

"खड्ड्यात घातलीस?"

"नाई भाऊ."

"रेल्वे फाटकावर आपटली?"

"नाई. सोमनीजवळ पंक्चर झाली होती. चाक बदललं, बस्स."

"मागं कोण बसलं होतं?"

"पोरगी, तिची सासू, न एक बोचकं."

"सासू डावीकडे होती?"

"होती."

"वजन किती असेल?"

"भाऊ, सासूचं वजन कोन करते?"

दुसऱ्या कोणी हा विषय इथेच सोडला असता. मी ओळंबा आणला. रविवारी गाडी सपाट फरशीवर घेतली, चारी कोपऱ्यांची जमिनीपासून उंची मोजली. मागचा डावा कोपरा दीड इंच खाली! मग गाडीखाली शिरलो. फ्रेमच्या चार टोकांवरून ओळंबे सोडले, फरशीवर खडूच्या फुल्या मारल्या, दोन्ही कर्ण मोजले. दोन सुतांचा फरक. झालं! फ्रेमच पिळली, दुसरं काय?

घरी बसून मी रिपोर्ट लिहिला. आकृतीसह. तीन प्रती : एक माझ्यासाठी, एक धोंडबासाठी, एक फाईलसाठी. कुठली फाईल ते विचारू नका. शेवटी निष्कर्ष : 'मागील डाव्या बाजूस फ्रेमला पीळ. कारण : आघात व असमान भार.' असमान भार म्हणजे ती सासू.

धोंडबानं रिपोर्ट उभ्या उभ्या वाचला. खाली 'पाहिले' असं लिहून सही केली, कागद माझ्या हाती दिला आणि गेला.

त्या संध्याकाळी तो आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. साइटवर समोर आला की मान हलवायचा, बस. मी सवयीनं दोन कप मांडायचो आणि एक परत फळीवर ठेवायचो. पाच-सहा दिवस असे गेल्यावर जाऊन बोलावं असं फार वाटलं. पण काय बोलणार? माप का खोटं असतं? उलट मी दुर्गचा एक वेल्डर ठरवला. फ्रेम मागून कापायची, पीळ काढायचा, पुन्हा जोडायची. पुढच्या रविवारी सकाळी दहाला तो येणार होता.

रविवारी आठलाच दार वाजलं. धोंडबा उभा, आणि बरोबर कुम्हारीचा छत्तीसगढी बोलणारा बुधारू मिस्त्री. पांढऱ्या मिशा, काखेत हत्यारांची पिशवी, आयुष्य ट्रकांखाली गेलेला.

"भाऊ, कापाच्या आंदी एकडाव याले दाखवा," धोंडबा जमिनीकडे पाहत म्हणाला.

मी मिस्त्रीच्या हाती रिपोर्ट ठेवला. त्यानं तो फरशीवर अंथरला आणि त्याच्यावर पाठ टेकून गाडीखाली गेला. आकृतीचा एवढा उपयोग झाला.

आतून टणटण आवाज येऊ लागला. पान्यानं तो कमानीची, म्हणजे मागच्या स्प्रिंगची, एकेक पात ठोकून ऐकत होता. मग त्यानं मडगार्डच्या आत बोट फिरवून मला दाखवलं. टायर घासल्याची खूण होती, आणि तिच्यावर गंज चढला होता.

"ये रगड जुन्ना हे, साहेब. आज-काल के नोहे. कई महीना के हे."

"म्हणजे आधीपासून झुकलेली होती?"

"अऊ का! कमानी बने हे, एको पात टूटे नइ हे. फ्रेम घलो बने हे."

"कमान, फ्रेम दोन्ही ठीक? आणि कर्णातला दोन सुतांचा फरक?"

"अतका तो नवा गाडी म घलो रथे." म्हणजे तेवढा तर नव्या गाडीतही असतो. हात पुसत त्यानं विचारलं, "डिक्की म का धरे हव?"

"काही नाही. जॅक असेल."

"खोलव तो."

मी किल्ली लावली आणि तेव्हा, अगदी तेव्हा, मला आठवलं. सुशीलेचं जातं, दगडी उखळ, पाटा-वरवंटा. तेराव्यानंतर मीच ते डिकीत ठेवलं होतं, जॅकला अडचण नको म्हणून सगळं डाव्या कोपऱ्यात रचून. नागपूरला तिच्या बहिणीकडे पोचवायचं होतं. जाणं राहिलं. राहिलं म्हणजे मीच राहू दिलं. मग डिकी उघडणंही राहिलं.

बुधारूला यातलं काही माहीत नव्हतं. मी अख्खं जातं घेऊन हिंडतोय हे पाहून तो पोट धरून हसला. "तुमन तो पूरा जांता धर के किंजरत हव, साहेब! कमानी बिचारी का करही?"

धोंडबा मात्र हसला नाही. पुढे झाला आणि एकेक दगड उचलून ओट्यावर नेऊन ठेवू लागला, सावकाश, साइटवर कधी ठेवत नाही तसा. दर दगडासरशी गाडी उठत होती. शेवटचा उतरल्यावर मी सवयीनं पट्टी लावली. चारी कोपरे सारखे. सूतभर फरक नाही.

"धोंडबा, तुला माहीत होतं?"

"सोमनीले जॅक काढाले डिक्की खोलली, तवा दिसलं."

"मग बोलला कावून नाहीस?" मी एकदम घरच्या बोलीवर आलो.

"कसं बोलू भाऊ? वहिनीचं जातं उतरवा म्हणून? म्या म्हटलं, तुमी काही मनात धरून ठेवलं असन. मिस्त्रीनं सांगतलं तं चालते, म्हणून त्याले आणलं."

"अरे, मी तुझ्या विहिणीवर आळ घेतला!"

"तिले कोन सांगते? ते आपल्या घरी मजेत हाये."

"आणि रिपोर्टवर सही केलीस. 'पाहिले' लिहिलंस."

"पाहिलं होतंच न!"

दहाला वेल्डर आला. त्याला आम्ही चहा पाजला आणि परत पाठवला. धोंडबानं दोन कप घेतले. जातं त्याच्याच घरी गेलं. पोरीला मुलगा झाला होता, घरात दळण वाढलं होतं. मेहुणीला मी पत्र लिहून कळवलं.

सोमवारी साइटवर एका गर्डरचं माप होतं. मी खालून ओरडलो, "लोड उतरवलं का?"

वरून चार-पाच खलाशांचा एकच आवाज, "उतरवलं साहेब! डिक्कीबी पाहिली!"

मी शेडकडे वळलो. दारावर माझी पाटी : 'माप घेण्याआधी लोड उतरवा.' खाली कोणीतरी खडूनं लिहिलं होतं : 'साहेबांनीसुद्धा.'

अक्षर ओळखीचं होतं. मी खिशातला खडू काढला, त्याखाली 'पाहिले' लिहिलं आणि सही केली.