राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात ‘जग’

रविवारची दुपार आहे. कपडे वाळवायचं मशीन घुरघुरतंय आणि सोफ्यावर माझे डोळे मिटतायत. उद्या सकाळी दहाला इथे, हॅलिफॅक्समध्ये, माझी कॅनडाच्या नागरिकत्वाची शपथ आहे. मग भारताचा पासपोर्ट परत करायचा. आठवडाभर मला घास गोड लागत नाही, आणि हे कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील.

कूस बदलते, तर अच्युतकाका कपड्यांच्या घड्या घालत बसलेत. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. कराडच्या शाळेत भूगोल शिकवायचे आणि स्वतःला जगाचे नागरिक म्हणवायचे. पासपोर्टच्या अर्जात राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात त्यांनी ‘जग’ लिहिलं. अर्ज तीनदा परत आला, तीनदा त्यांनी तेच लिहिलं. जगाचा हा नागरिक बेळगावच्या पुढे कधी गेला नाही.

“वैजू, तुमच्या मोज्यांचे जोड काही लागत नाहीत गं.”

“काका, उद्या शपथ आहे.”

“ठाऊक आहे.” ते मान वर करत नाहीत.

मी त्यांच्या वर्गात बाकावर बसलेय. भिंतीवर नकाशा आहे, खिडकीबाहेर मात्र हॅलिफॅक्सचं बंदर.

“रागावलात?”

“राग कसला? वाईट वाटलं.”

“तुम्हाला? देश म्हणजे नकाशातले रंग, असं तुम्हीच शिकवलंत ना!”

“शिकवलं. दुसऱ्यांच्या पोरी जात होत्या तोवर सोपं होतं.”

मला हसूही येतं आणि रडूही. फार जीव होता माझा या माणसावर.

“मग जगाचं नागरिक होता येतं की नाही? आता तरी खरं सांगा.”

बाकाचा पाट झालाय. समोर लांबच लांब पंगत आहे.

“इथे कुणी कागद मागत नाही,” काका म्हणतात. “कुठंही बसा. तरी पहिलं वर्षभर मी कराडकरांतच बसलो! मग एकदा जागा नव्हती, म्हणून एका कोरियन म्हाताऱ्याशेजारी टेकलो. त्याला ठेचा वाढला. नाकाडोळ्यांतून पाणी आलं बिचाऱ्याच्या. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी जागा धरून बसलेला.”

“म्हणजे येतं.”

“येतं, हळूहळू. मला त्यासाठी मरावं लागलं. तू जिवंतपणी करून बघ.”

“आणि कराड?”

“पासपोर्ट मागतायत ना? कराड कुठं मागतायत?”

आता आम्ही कराडच्या घराच्या दारात आहोत. “हात पुढे कर,” काका म्हणतात आणि माझ्या तळव्यावर चमचाभर दही घालतात. निघणारं माणूस सुखरूप परत यावं म्हणून आमच्या घरी असं दही देतात. विश्वनागरिक असूनही काकांनी ही रीत कधी मोडली नाही.

“खा आणि नीघ,” ते म्हणतात. “आणि ये गं.”

जाग येते तेव्हा उन्हं उतरलीत. उजवा तळवा ओला आणि चिकट आहे. घरात चार दिवस दही नाही. मी तळवा ओठांना लावते. आंबटढाण! काका साखर घालायला विसरलेच, दर वेळी विसरायचे तसे.

मी सगळं चाटून खाते.