बादल गुरगुरेनासा झाला

इंगळे दवाखान्यात आले तेव्हा बादलचं तोंड सुतळीने बांधलेलं होतं. बादल म्हणजे त्यांचा दोन वर्षांचा देशी कुत्रा. इंगळेंच्या बाहीवर रक्त होतं. ते त्यांचं नव्हतं.

"डॉक्टरबाई, याला इंजेक्शन देऊन टाका. कायमचं."

"कुणाला चावला?"

"मीनाला. गालावर. पाच टाके पडले."

मीना त्यांची सहा वर्षांची मुलगी. इंगळे भुसावळकडचे, कोळशाच्या इंजिनावर ड्रायव्हर, रेल्वे कॉलनीत क्वार्टर. मी जनावरांची डॉक्टर, दवाखाना दतिया गेटजवळ. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या झाशीतलंच. माझ्या मराठीत हिंदी घुसली की इंगळे हसायचे. त्या दिवशी हसले नाहीत.

मी नाही म्हटलं. कुत्र्याची दया आली म्हणून नाही. चावलेल्या कुत्र्याला दहा दिवस जिवंत ठेवून बघायचं असतं. रेबीज असेल तर तेवढ्यात कळतं. आधीच मारलं तर नुसती शंका उरते. बादलला लस टोचलेली होती, तरी नियम तोच. मीनाचीही इंजेक्शनं सुरू झाली होती. त्या काळी ती पोटात घ्यावी लागत.

"दहा दिवस माझ्याकडे राहू दे," मी म्हटलं. "अकराव्या दिवशी तुम्ही म्हणाल ते करीन."

संध्याकाळी मी मीनाला बघायला गेले. अर्धा चेहरा पट्टीत. तिची आई, सुलोचनाबाई, उशाशी बसून होत्या. बादल जेवत होता आणि मीना त्याच्या ताटलीत पोळीचा तुकडा टाकायला वाकली, एवढंच घडलं होतं. कॉलनीतली मुलं हिंदीच बोलायची. मीना म्हणाली, "आंटी, मैंने तो रोटी दी थी. वो गुर्राया भी नहीं."

हे वाक्य घेऊन मी घरी आले. जेवण गेलं नाही. कारण तो का गुरगुरला नाही, हे मला ठाऊक होतं.

चार महिन्यांचं पिल्लू असताना बादल ताटलीजवळ कुणी आलं की गुरगुरायचा. इंगळे त्याला माझ्याकडे घेऊन आले होते. मी सांगितलं होतं, "गुरगुरला की वर्तमानपत्राची गुंडाळी करून नाकावर द्या. मालक कोण ते त्याला कळलं पाहिजे." आम्हाला कॉलेजात हेच शिकवलेलं. तीन आठवड्यांत गुरगुरणं बंद झालं. मी केस निकालात काढली.

दवाखान्यामागच्या व्हरांड्यात बादलला साखळीने बांधलं. रोज ताटली ठेवायची आणि लांबून बघायचं. मी जवळ सरकले की आवाज नाही, दात दाखवणं नाही. पण तो खाता खाता एकदम थिजायचा. मान ताटलीवर दाबलेली, शेपटी ताठ, डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागायचा. मग भराभर गिळायचा. आणखी एक पाऊल टाकलं की सरळ झेप. त्याची भीती गेलेलीच नव्हती. माराने फक्त तिचा आवाज गेला होता.

सहाव्या दिवशी इंगळे ड्यूटीवरून परस्पर आले. मी त्यांना लांबूनच सगळं दाखवलं. माझ्या सल्ल्याचीही आठवण करून दिली. 

"थंडीत ग्वाल्हेर लाइनला धुकं पडलं की सिग्नल दिसत नाही," ते म्हणाले. "तेव्हा रुळावर फटाके लावतात. चाकाखाली फुटले की आम्ही गाडी हळू करतो. आवाजाचा त्रास होतो म्हणून आपण फटाकेच काढले, असं झालं हे."

"काढायला मी सांगितलं, इंगळेजी."

त्यांनी डबा उचलला आणि ते घरी निघाले. ते मला रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मी उलटं काम सुरू केलं. ताटलीपासून दहा पावलांवर थांबायचं, उकडलेल्या अंड्याचा तुकडा फेकायचा आणि मागे फिरायचं. माणूस जवळ येतो तो काढून घ्यायला नाही, द्यायला येतो, हे त्याला पटायला हवं होतं. तो थिजला की मी थांबायची. दहाची नऊ पावलं, नवाची आठ. घाई केली की आदल्या दिवसाची मेहनत पाण्यात जायची. नवव्या दिवशी, मी चार पावलांवर असताना, त्याच्या घशातून बारीक गुरगुर आली. मी लगेच मागे झाले. इतक्या वर्षांत कुत्र्याच्या गुरगुरण्याने डोळ्यांत पाणी आलं ते तेवढंच.

दहा दिवस संपले. रेबीज नव्हता. अकराव्या दिवशी मी क्वार्टरवर गेले आणि सुलोचनाबाईंना सांगितलं की चूक कुत्र्याची नाही, तुमचीही नाही. सल्ला माझा होता. आता तो सुधारतो आहे, पण वर्ष लागेल. आणि मीना त्याच्या जेवणाजवळ कधीच जाता कामा नये.

त्या उठल्या. पाणी आणून माझ्यासमोर ठेवलं. मग म्हणाल्या, "याचं गुरगुरणं थांबलं तेव्हा मी तुम्हाला पेढे दिले होते, बाई."

"हो."

"त्याला मारू नका. पण माझ्या घरात तो येणार नाही. हिला रोज आरशात बघायचंय."

मी वाद घातला नाही. त्यांचं बरोबर होतं. काही चुका समजतात, तरी भरून येत नाहीत. इंगळे आमच्याकडे पाठ करून खिडकीशी उभे होते. 

लक्ष्मी ताल नावाच्या तळ्याजवळ रेल्वेचे एक रिटायर्ड गार्ड एकटेच राहायचे. घरात लहान मूल नाही, येणारं-जाणारं कुणी नाही. त्यांना मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांनी बादलला ठेवून घेतलं. मला म्हणाले, "डाक्टर साहिबा, ये गुर्राएगा तो मैं हट जाऊँगा. इसमें मेरा क्या जाता है?" माझ्या कॉलेजात हे एवढं कुणी शिकवलं नव्हतं. बादल त्यांच्याकडे म्हातारा होऊन मेला. पुन्हा कुणाला चावला नाही. गुरगुरायचा मात्र शेवटपर्यंत.

गुरगुरणारा कुत्रा वाईट नसतो. तो अजून बोलतो आहे. तेव्हा मारू नये, थांबावं आणि तो कशाला घाबरला ते शोधावं. मी तो जुना सल्ला परत कुणाला दिला नाही. पण त्याआधी आठ वर्षं देत होते. जी घरं आठवली तिथे सायकलवरून जाऊन सांगून आले. सगळी आठवली नाहीत.