सहा बोटं सस्पेन्शन

ब्रह्मदेवानं जन्माला घालण्याआधी ज्याला पृथ्वीचा नमुना दाखवला असला पाहिजे, असा माणूस या भूतलावर एकच आहे, आणि तो माझा व्याही आहे. नमुना न बघता ते इथं येणं शक्यच नाही. लातूरच्या भुसार बाजारात त्यांची आडत आहे. उभा जन्म तूर, हरभरा आणि सोयाबीन तळहातावर घेऊन, फुंकून, दाताखाली धरून पारखण्यात गेला, आणि आता ती सवय हातापुरती न राहता सगळ्या माणसात पसरली आहे. टूथपेस्ट घ्यायची तर ते दुकानदाराला झाकण उघडायला लावतात. देवळात प्रसादाचा शिरा मिळाला की रवा जाड की बारीक हे आधी बोटावर घेऊन बघतात, मग नमस्कार करतात. माझ्या मुलीला बघायला आले तेव्हा त्यांनी तिला एकही प्रश्न विचारला नाही. सरळ आमच्या स्वयंपाकघरात गेले, डब्यातली तूरडाळ मुठीत घेतली, खिडकीच्या उजेडात धरली आणि "घर चांगलं हाय" असं म्हणून बाहेर आले. लग्न ठरलं. त्या डाळीचा मी आजन्म ऋणी आहे.

पण ऋणी असणं वेगळं आणि पहाटे पाच वाजता त्यांचा फोन घेणं वेगळं. मी नांदेडला पाटबंधारे खात्यात कारकुनी करून निवृत्त झालो ते सकाळी उशिरापर्यंत झोपता यावं म्हणून. व्याह्यांना हे मान्य नाही. कपाळाला विभूती लावून, पूजा आटोपून ते जे पहिलं काम करतात ते मला उठवण्याचं. त्यांच्याकडं नमस्काराला शरणार्थ म्हणतात आणि व्याह्याला ईवाई. "शरणार्थ, ईवाई. उठलाव का?" उठलो नसतो तर फोन कोणी उचलला असता, असं मी मनात म्हणतो. तोंडानं मात्र, "शरणार्थ, शरणार्थ, केव्हाचाच उठलोय," असंच निघतं. मुलीचा बाप आहे मी. मुलीच्या बापाला व्याह्यांपुढं झोप येत नसते.

सायकलीचं प्रकरण सुरू झालं ते मुलीच्या एका वाक्यावरून. ती आणि जावई पुण्याला नोकरी करतात. दिवाळीला आठवडाभर येतात. त्यातला दीड दिवस लातूरला आणि उरलेले सगळे दिवस नांदेडला आमच्याकडं, अशी वाटणी आपोआप पडून गेली होती, आणि ती बरोबर आहे असं माझं प्रामाणिक मत होतं. सासरी तिला कोणी काही बोलत नव्हतं. करमत नव्हतं एवढंच. रविवारी मैत्रिणींबरोबर पुण्याच्या आसपासचे डोंगर सायकलीवर तुडवायची तिला सवय. ती सायकल म्हणजे जाड टायरची, पुढच्या चाकावर दबणारा फोर्क असलेली, दगडधोंड्यांतून उड्या मारत जाणारी. गेल्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीला, लातूरजवळ मुरुडला व्याह्यांच्या शेतावर हुरड्याच्या गप्पा चालल्या असताना, ती सासऱ्यांना सहज म्हणाली, "मामा, इथं माझी सायकल असती ना, तर चार दिवस आरामात राहिले असते." आणि पुण्याला जाऊन विसरून गेली.

व्याही विसरले नाहीत. त्यांच्या बाजारात तोंडचा शब्द म्हणजे सौदा. सुनेनं चार दिवस कबूल केले होते, आता आपल्या बाजूनं सायकल हजर करायची, इतका सरळ हिशेब. मला त्यांनी तो उत्साहानं ऐकवला आणि मीही "वा, वा" म्हणालो. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की रजा काही रबराची नसते. तिकडं वाढणारा प्रत्येक दिवस इकडून जाणार होता. आणि वर त्या सायकलीच्या निवडीत मी मदत करायची होती, कारण लातूरच्या सायकलवाल्यांनी व्याह्यांना लांबून बघूनच शटर ओढायला सुरुवात केली होती. "नांदेडला तुमच्या वळखीचं दुकान असंल की," व्याही म्हणाले. माझी बायको ऐकत होती. ती म्हणाली, "तुमच्याच हातानं पोरीचे दिवस कमी करून राहिलात तुम्ही." मी तिला गप्प बसवलं, पण तिचं चुकत नव्हतं.

पहिल्या खेपेला ते बसनं आले ते कंबर धरूनच उतरले. बस जवळजवळ रिकामी होती, पण हे मुद्दाम मागच्या चाकावरच्या बाकावर बसून आले होते. का, तर दुकानदारानं फोनवर विचारलं होतं, "काका, सायकल कशा रस्त्यावर चालवायची?" रस्ता सांगायचा तर तो आधी हाडाला कळला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, "अहो, पण हा लातूर-नांदेड रस्ता आहे. सायकल मुरुडच्या शेताकडं जाणाऱ्या पाणंदीवर चालणार." त्यावर ते म्हणाले, "हाव, पन मोजमापाला एक धक्का तर ठावूक पायजे ना." मी त्यांची जड पिशवी उचलली.

दुकानदार तिशीतला, सोशिक गृहस्थ होता. त्यानं नीट समजावून सांगितलं: पुढचा फोर्क खड्ड्यात किती खाली दबतो ती लांबी महत्त्वाची. साध्या मातीच्या वाटेला शंभर मिलिमीटर दबला तरी पुष्कळ, दगडगोट्याच्या चढउताराला एकशे वीस, आणि डोंगरावरून उड्याच मारायच्या असतील तर एकशे साठ. जास्त घेतलं तर सायकल जड होते आणि पायडल मारताना वरखाली डुलत राहते. "आपल्या भागाला शंभर लई झालं, काका," तो म्हणाला. इथं कोणीही सायकल घेऊन घरी गेला असता. व्याह्यांनी पिशवीतून कागदाच्या पुड्या काढल्या आणि काचेच्या टेबलावर एकेक ओतली. पाणंदीच्या तोंडची काळी माती. चाकोरीतला मुरूम. ओढ्यातले गोटे. तळ्याकडच्या माळावरचा कपचीसारखा धारदार खडा. "ह्यो माल हाय," ते म्हणाले, "आता ह्याच्यावर कंचं सस्पेन्शन बसंल ते सांगा." दुकानदार मातीच्या ढेकळाकडं बघत राहिला. व्याह्यांनी ते उचलून बोटांनी चुरलं आणि वर सांगितलं, "ओलावा कमी धरा. दिवाळीला वाळलेलं असतंय." मी दाराबाहेर जाऊन उभा राहिलो. ओळखीचं दुकान होतं.

असल्या किती खेपा झाल्या ते मी मोजलं नाही. बायकोनं धपाटे थापून मोजलं असेल. प्रत्येक खेपेला नवी शंका. एकदा पहाटे फोन आला, "ईवाई, पोरीचं वजन किती?" बापाला असला प्रश्न विचारणारा सासरा मी दुसरा पाहिला नाही. कारण असं होतं की फोर्क माणसाच्या वजनानं मुळातच थोडा दबतो, हे त्यांना दुकानदाराकडून कळलं होतं. मी अंदाजानं आकडा सांगितला. पुढच्या खेपेला ते रिक्षातून तुरीचा पन्नास किलोचा कट्टा आणि वर हरभऱ्याची एक पिशवी घेऊन दुकानात उतरले. तो ऐवज सीटवर बसवला, मी एका बाजूनं आणि दुकानदारानं दुसऱ्या बाजूनं धरला, आणि व्याही पुढं वाकून फोर्क किती बसला ते बोटांनी मोजू लागले. मिलिमीटरवर त्यांचा विश्वास नाही. त्यांची बोटं जाड आहेत, एक बोट म्हणजे वीस मिलिमीटर अगदी चोख भरतं, आणि ते ती आडवी लावून मोजतात. रस्त्यावर माणसं थांबली. एकानं मला विचारलं, "काका, तूर सायकलीवर विकून राहिले का?" चाळीस वर्षं सरकारी नोकरीत ताठ मानेनं काढलेला मी, हरभऱ्याच्या पिशवीला टेका देऊन उभा होतो.

त्यांना हवी होती आठ बोटं, म्हणजे एकशे साठ. दुकानदार पाचच्या वर यायला तयार नव्हता. स्वतःचं नुकसान करून तो स्वस्त सायकल सुचवत होता आणि हे महाग मागत होते, असा उलटा सौदा मी आयुष्यात पाहिलेला नाही. "मामा, नको" असं म्हणायला माझी मुलगी तिथं नव्हती आणि मला म्हणता येत नव्हतं. शेवटी व्याह्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, दुकानदाराचा हात हातात घेतला आणि वर उपरणं टाकलं. बैलबाजारात झाकलेल्या हातांनी बोटं दाबून सौदा करतात, तसा सायकलीच्या दुकानात सस्पेन्शनचा सौदा सुरू झाला. दुकानदाराच्या घरात कोणीतरी दलाली केलेली असावी, कारण त्याला ती रीत येत होती. दोघंही माझ्याकडं बघत, चेहऱ्यावर काही न दाखवता, कपड्याखाली बोटं दाबत होते. बऱ्याच वेळानं उपरणं निघालं. "सहा," व्याही म्हणाले, "ठरलं." घरी परतताना ते गंभीरपणे म्हणाले, "दोन बोटं सोडली मी, ईवाई. पन पोरीला धक्का लागला तर तुमी मला बोल लावू नका." माझं डोकं दुखत होतं.

दिवाळी आली. मुलगी लातूरला उतरली, सायकल पाहिली, आणि तिकडून फोनवर तिचा जो आवाज ऐकला त्यावरून माझ्या वाट्याचे दिवस गेले हे मला कळलं. दीड दिवस संपला, दोन झाले, तीन झाले. इकडं बायकोनं केलेल्या करंज्यांचा डबा उघडला जात नव्हता. चौथ्या दिवशी मी सकाळची गाडी धरली. मुलीला आणायला बाप जातो, त्यात वावगं काही नाही. वाटेत मी काय काय बोलायचं ते जुळवत होतो, आणि खरं सांगतो, मला राग आला होता.

मुरुडच्या शेतावर पोचलो तर व्याही पाणंदीच्या तोंडाशी उभे. मी पायाखाली बघितलं आणि थबकलो. ही पाणंद मला ठाऊक होती. लग्नानंतर एकदा तिच्यावरून चालताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता. आता तिच्यावर एक दगड नव्हता. चाकोऱ्या बुजवलेल्या, ढेकळं फोडलेली, आणि दोन्ही बांधांवर दगडगोट्यांचे ढीग लागत गेलेले, पार तळ्याकडच्या माळापर्यंत. "दसऱ्यापासनं लागलो होतो," व्याही कंबरेवर हात ठेवून म्हणाले. "म्हनलं येवढी महागाची वस्तू, आन् पोरगी धोंड्यावरनं पडली तर?" विहीणबाई मागून म्हणाल्या, "गडी लावा म्हनलं तर न्हाई म्हन्ले. गड्याला बारका खडा दिसत न्हाई म्हनं."

तेवढ्यात मुलगी माळावरून आली. सायकल अशी येत होती की जणू आमच्या घरातल्या फरशीवरून चालली आहे. पुढचा फोर्क एक बोटसुद्धा दबत नव्हता. ती थांबली तसे व्याही पुढं झाले. "धक्का लागतो का?"

"अजिबात नाही, मामा," ती म्हणाली.

व्याही माझ्याकडं वळले. सबंध आयुष्यात तुरीला चढा भाव मिळाला तेव्हाही ते इतके खूश झाले नसतील. "बघा ईवाई. सहा बोटं. मी म्हनलं नव्हतं? फोर्क सगळा धक्का खाऊन टाकतो."

मी तोंड उघडलं. अहो, दगड तुम्हीच वेचलेत, फोर्कला खायला शिल्लक काय ठेवलंत, हे माझ्या जिभेवर आलं होतं. मुलीनं माझ्याकडं असं बघितलं की मी गिळून टाकलं. नंतर विहिरीवर हातपाय धुताना मी तिला हळूच विचारलं, "अगं, असल्या सपाट रस्त्यावर तुला मजा येते?" ती म्हणाली, "नाही येत, बाबा. दगडांना पुण्यात काय तोटा आहे?" मग पायावर पाणी ओतत म्हणाली, "रोज सकाळी माझ्या आधी एकदा चालत जाऊन येतात ते. रात्रीतून जनावरांनी एखादा दगड आणून टाकला असेल म्हणून."

मी तिला न घेताच परत निघालो. बसमध्ये सगळी वाट मला तिच्या लग्नाचा दिवस आठवत होता. पाठवणीच्या वेळी बाप हात जोडतो तेव्हा मनातल्या मनात एकच मागणं मागत असतो, आणि ते कोणी ऐकलं की नाही हे त्याला पुढं कितीतरी वर्षं कळत नाही. मला त्या दिवशी कळलं होतं. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "पोरगी कुठाय?" मी तिला दगडांच्या ढिगांचं सांगितलं. तिनं बाहेर काढलेला करंज्यांचा डबा पुन्हा फळीवर ठेवला. मग म्हणाली, "राहू द्या मग तिला. करंज्या टिकतात."

यंदा मुलगी आणि जावई देशाबाहेर आहेत. जावयांना तिकडं दोन वर्षांचं काम मिळालं आहे, दिवाळीला येणं नाही. दसरा झाला आणि पहाटे फोन आला. "शरणार्थ, ईवाई. उठलाव का? पावसानं पानंदीवर लई खडे वर आलेत. माझ्यानं आता वाकवत न्हाई, येताव का जरा?" मी चिडलो. म्हटलं, "अहो, यंदा ती येणार नाही. तुम्हाला माहीत आहे ना?"

"माहीत हाय की," ते म्हणाले. "पन आलीच अचानक तर?"

मी दुसऱ्या दिवशी गेलो. ते एका कडेनं काठीनं दगड दाखवत होते आणि न राहवून मधूनच स्वतःही वाकत होते. मुलीची आठवण मला इतकी आली की त्यांच्याकडं बघवेना. मी चपला बांधावर काढून ठेवल्या आणि दुसऱ्या कडेनं खडे वेचायला लागलो.