ढोलावरची वाळू

भूतखेत, भानामती, अंगात येणं... यातल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. आजही नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी मला पत्रातून अंगारा पाठवायला नको. जन्मभर फिजिक्स शिकवलं. एखादा विद्यार्थी 'सर, असं वाटतं' म्हणाला की मी त्याला 'मोजून दाखव' म्हणून खाली बसवायचो. पण ही एक गोष्ट मला मोजता आली नाही, आणि विसरताही आली नाही.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या थोडं आधीचं सांगतोय. मी एम.एस्सी.साठी पुण्याच्या कॉलेजात संशोधन करत होतो. विषय होता, कातडी वाद्यांची कंपनं. कातड्यावर बारीक वाळू पसरायची आणि कडेला टिचकी मारायची. कातडं हलतं तिथली वाळू उडते, स्थिर असतं तिथे ती रेघ धरून बसते. त्या रेघांवरून नादाचा हिशेब मांडायचा. पुण्यात तबले-पखवाज मिळाले, पण मोठा ढोल मिळेना, म्हणून उन्हाळ्यात गावी आलो. गाव शहाद्याच्या खाली, तापीकाठी. तो मुलूख तेव्हा पश्चिम खानदेशात मोडायचा. आम्ही गुजर; घरी कापूस, केळी, आणि सगळ्यांवर काकांचा वचक.

ढोल दिला जतऱ्याने. जतऱ्या आणि दामा हे भिलाटीतले, म्हणजे भिल्लांच्या वस्तीतले सख्खे भाऊ, आमच्याकडे वर्षाच्या बोलीवर सालदार. त्यांच्या बापाने एकाच खोडातून दोन ढोल कोरले होते, थोरल्याला एक, धाकट्याला एक. होळी होऊन गेली होती, ढोल भिंतीवर टांगलेलाच होता, तरी जतऱ्या का-कू करत होता.

"ली जा भाऊ. पण मी संगे बससू. हाऊ ढोल एकला ऱ्हास नही."

म्हटलं, बस बाबा, वाळू चाळायला तेवढीच मदत.

कापसाच्या रिकाम्या गुदामात मी मांडामांड केली. वाऱ्याने वाळू हलू नये म्हणून खिडक्या बंद. त्या दिवशी दुपारी वाळू पसरून मी हात पुसत होतो, जतऱ्या दाराशी बिडी ओढत होता... आणि ढोलावरची वाळू उडाली.

कुणी हात लावला नव्हता. आवाज तर अजिबात नाही. मी बघतोय तोवर पुन्हा उडाली, या वेळी कडेजवळ. मग लागोपाठ दोनदा. ही टिचकी नव्हती. कुणीतरी दात-ओठ खाऊन हाणावं तसं ते कातडं मध्येच खोल दबत होतं. मी तळहात ठेवला तर कोपरापर्यंत सणक गेली.

खरं सांगू? मला आनंद झाला! दोन वाद्यं एका सुरात असली की एक वाजवल्यावर दुसरं आपोआप थरथरतं, याला आम्ही सहकंपन म्हणतो. इतक्या दुरून कुणी पाहिलेलं नव्हतं. मी ओरडलो, "जतऱ्या, दामा घरी त्याचा ढोल वाजवतोय बघ!"

जतऱ्या जवळ आला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"दामाना ढोल होळीलेच फाटना, भाऊ. त्यावर कातडंच नही शे."

त्याने दोन्ही हात ढोलावर टेकले. पुढचा दणका बसला तसा तो स्वतःची बरगडी धरून वाकला. "ढोल नही व्हय हाई... दामाले मारी ऱ्हायनात!" आणि तो पळत सुटला. मीही त्याच्यामागे. दामा सकाळी काकांच्या केळीच्या मळ्यात कामाला गेला होता, गोमाई नदीच्या पलीकडे.

मळ्यात जे दिसलं ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. दामाला विहिरीवरच्या खांबाला दोराने आवळून बांधलं होतं. एक डोळा सुजून मिटलेला, कानातून रक्त, सदरा पाठीला चिकटलेला. काकांच्या हातात बैलाच्या जूची शिवळ होती, हातभर लांब लाकडी खुंटी. बाजूला त्यांचे दोन गडी.

"बोल! मोट कोठे शे? ढोल मढाले चोरी ना?"

विहिरीचं पाणी ओढायची नवीकोरी कातडी मोट सकाळपासून सापडत नव्हती. दामाचा ढोल फाटलेला. काकांनी दोन्ही जोडून टाकलं होतं.

"मोटनं कातडं कधी ढोलले लागस का, पाटील?" जतऱ्या किंचाळला. "ढोलले बकरीनं लागस!"

आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. काकांनाही असणारच. पण रागाच्या भरात त्यांनी पुन्हा शिवळ उचलली. मी मध्ये घुसलो.

"नारान, बाजूले व्हय!" असं काका म्हणेपर्यंत त्यांचा घाव माझ्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. जतऱ्याने काकांचा गळा धरून त्यांना चिखलात पाडलं आणि तोंडावर बुक्क्या घातल्या. गड्यांनी त्याला ओढून लाथांनी तुडवला, त्याचे दात पाडले. माझा लोंबता हात पाहून एक गडी थांबला, मग दुसरा. तेव्हा कुठे दामाचा दोर सोडता आला.

मोट विहिरीच्या तळाशी निघाली. गाठ सुटून पडली होती, एवढंच.

दामाला भिलाटीत घरी नेलं, पण त्याला शुद्ध नव्हती. दुसऱ्या दिवशी मी हात गळ्यात बांधून गुदामात गेलो, तर जतऱ्या भावाशेजारी नव्हता, ढोलाशेजारी बसला होता. कातड्यावर उरलेली वाळू बारीक बारीक थरथरत होती.

"शे," तो म्हणाला. "आजून शे."

मी त्याच्याजवळ बसलो. दोघंही त्या वाळूकडे बघत होतो. मी देवाला न मानणारा माणूस, पण 'थांबू नको, थांबू नको' असं मनात म्हणत होतो. दुपारी ती थांबली. जतऱ्याने माझ्याकडे पाहिलं. आणि मग भिलाटीतून त्यांच्या आईचा हंबरडा ऐकू आला... आधी वाळू थांबली, नंतर तो आवाज आला.

उंदीर, जमिनीतले हादरे, माझंच डोकं, सगळं तपासून झालं. बोलाफुलाला गाठ म्हणावी, तर इतकी? त्या ढोलाला वगळून प्रबंध लिहिला, डिग्री मिळाली. स्पष्टीकरण मिळालं नाही. आज या वयातही माझ्याकडे ते नाही.

काकांवर खटला झाला. जतऱ्या मेलेल्याचा भाऊ, गडी काकांच्या मिठाचे; सगळी भिस्त माझ्यावर. मी त्यांच्याविरुद्ध साक्षीला उभा राहिलो. वडिलांनी त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं. काकांच्या वकिलाने एकच मुद्दा धरला: मी मळ्यात पोचलोच कसा? 'आरडाओरडा ऐकला' म्हणून सुटलो असतो. पण बंद गुदामात नदीपलीकडचा आवाज येत नाही, हे माझ्याइतकं कुणाला कळणार? जे पाहिलं ते सांगितलं. वाळू, कातडं, सगळं. वकील गालात हसत म्हणाला, "छान! मग त्या वेळी तुमचा ढोल वाजवत कोण होतं?"

मी म्हणालो, "माझे काका."

सगळं कोर्ट खो-खो हसलं. असल्या साक्षीदारावर कोण भरवसा ठेवणार? काका सुटले.

पण त्या हशात हसले नाहीत ते काका एकटेच. खाली मान घालून ते आपल्या उजव्या हाताकडे बघत होते.