कोपऱ्यातली पेंडी

एकतीस वर्षं मी पोरांना मराठी शिकवलं. कवितेत नदी आली की ती नदी नसून आयुष्य असतं, हे मी इतक्या वर्गांना सांगितलंय की आता पुलावरून जातानाही मला साधं पाणी दिसत नाही. साकोलीत आमचं वाचन मंडळ सुरू झालं तेव्हा कथेचा अर्थ सांगायचं काम माझ्याकडे आलं. कुणी दिलं नव्हतं, मीच घेतलं.

मंडळ दर रविवारी दुपारी चारला देवकाबाईंच्या घरामागच्या बागेत भरतं. दोन पेरूची झाडं, एक सीताफळ, जास्वंदाचं कुंपण, वांग्याचा वाफा आणि मधे मोकळी जागा, तिथं आमच्या खुर्च्या. देवकाबाईंची सून दामिनी कॉलेजात शिकवते, मंडळ तिनंच काढलं. यंदा तिनं जपानी कथांचा मराठी अनुवाद आणला. मेडिकलवाल्या कैलाशनं लगेच तोंड वाकडं केलं.

"जपान कायले? आपल्या इकडचं काईच नाई भेटलं?"

"तेही आपल्यासारखे धानवालेच आहेत, कैलाशभाऊ," दामिनी म्हणाली. मग कैलाशचा विरोध मावळला, कारण त्याच्याही घरी पाच एकर धान आहे. अर्थात त्यानं स्वतः कधी चिखलात पाय घातलेला नाही. माझंही तेच.

देवकाबाई आमच्या गोलात बसत नसत. पेरूखाली पाटावर बसून भाजी निवडायच्या आणि ऐकायच्या. बोलावलं तर म्हणायच्या, "चौथी शिकली मी, गुरुजी. मले काय समजते? तुमी वाचा." मीही फार आग्रह केला नाही. ते आज आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

या बाईनं चाळीस वर्षं रोवणी केली. गुडघाभर चिखलात वाकून धानाची रोपं, म्हणजे पऱ्हे, लावणाऱ्या बायांच्या रांगेत पहिली जागा त्यांची असायची. गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला. भर बांधीत, पाण्यानं भरलेल्या धानाच्या खाचरात, त्या अडकल्या आणि चार बायांनी ओढून धुऱ्यावर, कडेच्या बांधावर काढलं. तेव्हापासून त्या शेताकडे फिरकल्या नव्हत्या. यंदा रोवणी सुरू झाली, तेव्हा त्यांचे यजमान कृष्णराव रोज सकाळी विचारायचे, "येतं काय? धुऱ्यावर बसजो नुसती." आणि रोज तेच उत्तर मिळायचं, "बसून पाहाले मी काय पाहुणी हाव?" जेवण कमी झालं, शेजारणींकडे जाऊन बसणं बंद झालं. आता आपला काही उपयोग नाही, हे त्यांनी मनात पक्कं धरलं होतं. दामिनी मला एकदा म्हणाली, "गुरुजी, आई घरात आहेत, पण नाहीतच."

तर त्या रविवारची कथा अशी. चियो नावाची एक म्हातारी एकटीच रोवणी करते. पानंच्या पानं ती मागे मागे सरकत जाते. संध्याकाळी रोपांची एक जुडी बांधीच्या कोपऱ्यात पाण्यात उभी ठेवते आणि घरी जाते. संपली कथा.

मला तर पर्वणीच. मी चष्मा सावरला आणि सुरू झालो. म्हातारी मागे सरकते म्हणजे भूतकाळात जाते. कोपऱ्यातली जुडी म्हणजे अपुरं राहिलेलं आयुष्य. ती घरी जाते म्हणजे मरणाकडे जाते. कैलाशनं वहीत लिहूनही घेतलं.

पेरूखालून हसू आलं. आधी दबकं, मग चांगलं मोकळं. देवकाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"गुरुजी, तुमी कवा रोवणी पायली नाई काय? मांगंच सरका लागते. पुढं गेलं त आताच लावलेले पऱ्हे आपल्याच पायाखाली येतेत नं!"

सगळे हसले. माझे कान गरम झाले. एकतीस वर्षांचा अनुभव असा वांग्याच्या वाफ्यात जाऊन पडला. मी जरा घुश्शातच विचारलं, "बरं, मग ती जुडी? ती कशाला ठेवली?"

"पेंडी म्हणतेत तिले. दहा दिवसांत कुठं कुठं पऱ्हे मरतेत, जागा खाली पडते. ते भराले पायजे. म्हनून एक पेंडी कोपऱ्यात पाण्यात ठेवतेत." मग त्या माझ्याकडे रोखून पाहत म्हणाल्या, "मराले कायले जाईल ते? ते परत येनार हाये. जिले परत याचं नाई, ते बाई पेंडी ठेवतच नाई."

कृष्णराव पायरीवर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली ठेवला.

"आपल्या बांधीत बी पेंडी ठेवली हाये," ते म्हणाले. "जागा खाली पडल्या. बेबीबाई म्हनते, देवकाबाई आल्याबिगर आमी भरत नाई. दोन दिवस झाले, मी तुले कसं सांगू म्हनून इचार करून राहिलो."

बेबीबाई म्हणजे यंदा रांगेत पहिली उभी राहिलेली बाई. देवकाबाईंनी निवडलेली भाजी पुन्हा उगाचच निवडायला घेतली. मग म्हणाल्या, "ते काय भरते! दाट लावते ते."

मंगळवारी सकाळी त्या शेतावर गेल्या. मीही गेलो, आगंतुकासारखा. आधी त्या धुऱ्यावर बसून, काठीनं दाखवत, बायांना जागा सांगत होत्या, आणि रागावतही होत्या. मग काठी ठेवली, बेबीबाईच्या खांद्याला धरलं आणि बांधीत उतरल्या. मोठं काही झालं नाही. कोपऱ्यातल्या पाच-सहा जागा भरल्या असतील. दम लागला तेव्हा बेबीबाईनंच धरून वर आणलं, आणि या वेळी त्या ओशाळल्या नाहीत.

मी त्या बाईचा फार ऋणी आहे. जपानातल्या कुठल्याशा म्हातारीला मी मारून मोकळा झालो होतो, देवकाबाईंनी तिला जिवंत केलं. हातात पुस्तक आहे म्हणून आपल्याला कळतं, हा माझा जुना आजारही त्यांच्यामुळे बराच उतरला.

त्या दिवशी घरी आल्यावर कृष्णरावांनी अंगणात पाण्याची बादली आणून ठेवली. देवकाबाई पायरीवर बसल्या होत्या, पिंडऱ्यांपर्यंत चिखल वाळत आला होता. कृष्णराव तांब्या बुडवून ओतायला वाकले, तर देवकाबाईंनी त्यांचा हात धरला.

"राहू द्या जी थोडा येळ," त्या म्हणाल्या.