आधी मी घेऊन बघते

सानपाड्याचं स्टेशन नवं होतं तेव्हाची गोष्ट. औषधाच्या दुकानाबाहेरच्या बाकावर मी बसले होते. साताऱ्याकडची एक बाई शेजारी कडेला नुसती टेकली आणि गोळ्यांच्या खोक्यातला इंग्रजी कागद तिनं माझ्यापुढे धरला. "ताई, एवढं वाचून सांगा."

"काहींना चक्कर येऊ शकते, असं लिहिलंय."

"काहींना म्हंजी? आमच्या मालकांना येईल का?"

"ते कसं लिहितील?"

"मार्केटात पोतं घिऊन फळीवरनं ट्रकात चढत्यात ते. फळीवरच आली तर?"

मी वैतागले. "अहो, डॉक्टरांना विचारा ना!"

"इचारलं. आली तर बघू म्हनले."

भाजीतलं मीठ बघावं तशी तिनं एक गोळी तोंडात टाकली. मी ओरडलेच. "आधी मी घिऊन बघते," ती म्हणाली. "तुमी माझ्याकडं ध्यान ठेवा."

दोन्ही हातांनी बाकाची कड धरून ती बसून राहिली. मी तिच्या डोळ्यांवरून नजर हलवली नाही.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "काय बी होत न्हाई." उठली, आणि तिनं माझा खांदा घट्ट धरला.

"चक्कर आली?"

"न्हाई वो," ती म्हणाली, पण हात सोडेना. "एवढा वेळ बसायची सवय न्हाई."